भाऊंचे पोपटी बूट

भाऊंना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

सुदुंबऱ्यात भाड्याने खोली बघायला गेलो होतो. कंपनीतल्या एकाने खूण सांगितली होती, दुमजली घर आणि दारात चिंच. चिंच दिसायच्या आधी आवाज कानावर आला. "निळी गाडी... पांढरा शर्ट... चिंचेपाशी थांबलंय... हेल्मेट काढलं... घाम पुसतंय... इचारावं का न इचारावं, असं चाललंय त्याचं..." मी इकडेतिकडे बघितलं. ओट्यावरच्या बाजेवर एक प्रचंड माणूस बसला होता. बाज त्याच्या खाली वाकून जमिनीला टेकायच्या बेतात होती. तो माणूस माझ्याकडे बघत बोलत होता, पण माझ्याशी नाही. माझ्याबद्दल.

"खोली बघायला आलोय," मी म्हणालो.

"ते कळलं. चालून दाखवा."

"कुठे?"

"हितंच की. चिंचंपस्नं गोठ्यापतूर."

मी चाललो. का चाललो ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजात असं काहीतरी होतं की पाय आपोआप उचलले गेले. भाऊ माझ्या पायांकडे बघत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, "उजवी टाच भायेरनं घासतोय. पोट म्होरं, पाय मागं. माणूस सरळ हाय. द्या किल्ली."

आतून एक बाई किल्ली घेऊन आल्या आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाण्याची वेळ सकाळची. आणि ह्यांचं मनावर घ्यायचं नाही." त्या वहिनी. पुढे तिथे राहिलो त्या सगळ्या काळात वहिनी एका वेळी यापेक्षा जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. घरातलं सगळं बोलणं भाऊ वापरून टाकत.

भाऊ बैलगाड्याच्या शर्यतीचे निवेदक होते. ज्यांनी ती शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माळावर चढाची एक लांब पट्टी असते, तिला घाट म्हणतात. दोन्ही अंगांना माणसांची दाटी. खाली झेंडा पडला की गाडा सुटतो आणि वरच्या निशाणापर्यंत जातो. ती एक धाव म्हणजे एक बारी. बारी बघता बघता संपते आणि धुळीत काही दिसत नाही, म्हणून वर मंचावर माइक घेऊन एक माणूस उभा असतो. काय झालं ते लोकांना तो सांगतो. भाऊंचं असं होतं की त्यांनी सांगितलं म्हणजेच ते झालं. आणि त्यांची खासियत ही, की झेंडा पडल्यापासून गाडा निशाणाला लागेपर्यंतची सगळी बारी ते एका दमात बोलत. मध्ये श्वास घेत नसत. मावळात आणि पलीकडे खेड तालुक्यातही लोक गाडा बघायला येत तितकेच भाऊंचा दम ऐकायला येत.

मध्यंतरी शर्यतींवर बंदी होती. ती काही वर्षं भाऊंनी घरात काढली. गाडे बंद झाले, पण तोंड बंद होईना. मग त्यांनी जे समोर दिसेल त्याची बारी करायला सुरुवात केली. म्हैस व्यायली तर तिची बारी. वहिनींची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जाईपर्यंत बारी. टँकर वळणावर अडकला तर त्याची अशी बारी की ड्रायव्हर टँकर काढायचं विसरून ऐकत बसलेला. बसून बोलायचं आणि बोलता बोलता खायचं, असा तो काळ गेला, आणि त्या काळाने भाऊंच्या अंगावर चांगलाच मुक्काम ठोकला.

त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाय राहत. लग्नाहून आले की म्हणायचे, "तो भेटलता, ज्याच्या सँडलचं बक्कल गेलंय." मंत्र्यासंत्र्यालाही ते असंच ओळखत. बैल घेताना माणूस खूर बघतो, दात बघतो. भाऊ माणसाचेही खूर बघत, एवढाच फरक.

आणि मग बंदी उठली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पहिल्या मोठ्या यात्रेचं बोलावणं भाऊंनाच आलं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतो. पांढरा सदरा, पांढरं धोतर, गुलाबी फेटा. मंचाची शिडी चढतानाच त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं, पण ते लोकांना नमस्कार करायला थांबल्यासारखे थांबले, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. झेंडा पडला. भाऊंनी बारी उचलली. गाडा अर्ध्यावर आला आणि कर्ण्यातून आवाज येईनासा झाला.

लोकांना आधी वाटलं, लाइट गेली. मग कर्ण्यातून फक्त धाप ऐकू आली, लोहाराचा भाता हलल्यासारखी. गाडा निशाणाकडे चालला होता आणि सगळा घाट गाड्याकडे पाठ करून मंचाकडे बघत होता. शेवटी खेडच्या बाजूचा एक सडपातळ तरुण निवेदक पुढे झाला, त्याने भाऊंच्या हातातून अगदी अदबीने माइक घेतला आणि राहिलेली बारी पुरी केली. त्याने ते वाईट केलं असतं तरी चाललं असतं. त्याने चांगलं केलं.

घरी आल्यावर भाऊ बोलले नाहीत. चिंचेखाली येणारेजाणारे थांबून विचारू लागले, बरं आहे ना म्हणून. म्हशीने दूध कमी दिलं. तिसऱ्या दिवशी वहिनी वर माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना डॉक्टरकडे न्या. मला ही शांतता सोसत नाही."

तळेगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं आणि काट्यावर उभं केलं. काटा बघून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "हृदय ठीक आहे. दम कमी पडतोय तो वजनाने. आधी चाला, मग हळूहळू पळायला लागा. आणि या वहाणा घालून नको. गुडघे जातील. चांगले बूट घ्या." एवढं सांगून ते माझ्याकडे वळले. मी काहीच विचारलं नव्हतं. "तुम्हीही," ते म्हणाले.

"बराबर," भाऊ म्हणाले. यात्रेनंतर त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द. "एकलाच पळालो तर लोक म्हणतील, काय तरी चोरून पळतोय. दोघं आसलो की येवस्थित दिसतंय."

बूट घ्यायच्या आधी एकदा नुसतं पळून बघू, असं त्यांनी ठरवलं. पहाटे आम्ही निघालो. त्यांच्या पायात टायरच्या वहाणा, माझ्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज, कारण माझ्याकडे बंद असे तेवढेच होते. नदीच्या रस्त्याला लागलो न लागलो तोच भाऊंच्या वहाणेचा अंगठा तुटला. ती पुढे उडाली आणि भाऊ तिच्यामागे एका पायावर बरेच अंतर गेले. मी थांबवायला धावलो तेव्हा माझ्या बुटातल्या लोखंडी टोपीने माझ्याच बोटांचा समाचार घेतला. परत येताना भाऊंच्या हातात वहाण होती, माझ्या हातात दोन्ही बूट. दूध घालायला निघालेल्या एकाने विचारलं, "भाऊ, देवाला गेलता का?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "दारातनं हाकलला."

त्या दिवशी भाऊंनी बुटाचा विषय मनावर घेतला. मी मोबाइलवर बुटांची चित्रं दाखवायला लागलो. कुणाला किती तारे मिळालेत तेही दाखवलं. भाऊंनी मोबाइल उलटा ठेवला. "चित्र बगून बैल घेत्यात का? पळणारा बगायला पायजे. पळणारी माणसं कुटं आसत्यात?"

मी म्हटलं, लोणावळ्याला. सुट्टीच्या दिवशी मुंबईपुण्याची माणसं तिकडच्या घाटरस्त्यांवर पळायला येतात.

रविवारी आम्ही त्यांचा टेम्पो काढला. हा टेम्पो एरवी बैल न्यायला होता आणि त्याला तसा वास होता. लोणावळ्याच्या पुढे, टायगर पॉइंटच्या रस्त्याला एका वळणावर भाऊंनी तो उभा केला, आणि आम्ही कठड्यावर बसलो. धुकं होतं. धुक्यातून एक एक पळणारा बाहेर यायचा, आमच्यासमोरून जायचा आणि पुन्हा धुक्यात शिरायचा. किडकिडीत पोरं, तारेसारख्या मुली, छातीवर नंबर लावलेला एक पांढऱ्या मिशीचा गृहस्थ. भाऊ प्रत्येकाचे पाय बघत आणि मान हलवत.

"ह्यांचा काय उपेग न्हाई," ते म्हणाले. "हे काय, चपलीवर बी पळतील. आनवाणी बी पळतील. आपल्या मापाचा माणूस बगायचाय."

बराच वेळ आपल्या मापाचं कुणी येईना. मग चढावरून, सगळ्यांच्या मागून, एक बाई येताना दिसल्या. चाळिशी उलटलेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या, घामाने निथळलेल्या. चालणाऱ्याने मागे टाकलं असतं एवढ्या हळू, पण त्या पळत होत्या. भाऊ उठून उभे राहिले. शर्यतीला आलेला एखादा नामांकित बैल बघताना उभे राहायचे तसे.

"ताई," ते पुढे होऊन म्हणाले, "जरा पाय बगू द्या."

बाई थांबल्या. त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यातल्या मोबाइलकडे गेला. "काय म्हणालात?"

मी घाईने मध्ये पडलो. "बूट. बूट बघायचेत त्यांना."

"मग तसं का नाही बोलत?"

"पाय म्हणलं की बूट आलंच की त्यात," भाऊ म्हणाले.

बाईंनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. नजर आधी भाऊंच्या पोटावर थांबली, मग माझ्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "सुरुवात करताय होय?" त्या म्हणाल्या, आणि सरळ कठड्यावर बसून त्यांनी डाव्या पायातला बूट काढून भाऊंच्या हातात दिला.

त्या डोंबिवलीला शिकवण्या घेत होत्या. त्यांनी आमचीही शिकवणी घेतली.

"पहिली गोष्ट, बूट घ्यायला सकाळी जायचं नाही. संध्याकाळी जायचं. दिवसभरात पाय फुगतो, आणि पळतानाही फुगतो. सकाळी मापाचा वाटलेला बूट पळायला लागलं की चावतो. पुढे बोटांना जागा हवी, अंगठ्याच्या पुढे दुसरा अंगठा मावेल एवढी. आणि रुंद हवा. आपली पावलं पसरतात."

"आपली" म्हणताना त्यांनी आम्हाला सहज आपल्यात घेतलं, ते मला फार बरं वाटलं.

"मऊ हवा ना पण?" मी विचारलं. "गादीसारखा?"

"गादीवर उभं राहून बघितलंय कधी? पाय डुगडुगतो. जड माणसाला खालून आधार हवा. हे बघा." त्यांनी बूट दोन्ही हातांत धरून पिळला. "असा पिळला जाता कामा नये. टाचेला घट्ट, मधे भक्कम, आणि वाकला तर बोटांपाशी वाकायचा. दुकानात घालून चालून, पळून बघायचं. लाजायचं नाही."

"आणि रंग?" भाऊंनी विचारलं. "पांढरा मिळतो का? मला मंचावर उभं राहायचं आसतं."

"रंगाचा विचार घरी ठेवून जायचं." मग बूट घालता घालता त्या म्हणाल्या, "आणखी एक. सुरुवातीला सगळे जोरात पळतात आणि सोडून देतात. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं, की समजायचं वेग जास्त झालाय. तिथे हळू व्हायचं."

भाऊ कठड्यावर टेकले. मग हळूच म्हणाले, "पळताना बोलायचं?"

"हो."

"सारखं?"

"सारखं नाही हो, म्हणजे..." बाई सांगायला गेल्या. पण भाऊंना हवं ते ऐकू आलं होतं.

त्यांनी टेम्पोतून इंद्रायणी तांदळाची पिशवी काढली आणि बाईंपुढे धरली. पळताना पिशवी कशी नेणार, असं बाईंनी विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, आम्ही पोचवतो. मग त्या चढावर बाई पुढे, आणि त्यांच्या बाजूने त्यांच्याच वेगाने बैलांचा टेम्पो, खिडकीतून भाऊंचं डोकं बाहेर. "डोंबिवलीच्या ताई निघाल्या... वळण आलं, ताई हटल्या न्हाईत... बारकी पोरं म्होरं गेली, जाऊ द्या, ताईंचा पाय बगा, पाय..." फोटो काढायला थांबलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. बाई हसायला लागल्या, आणि हसताना काही पळता येत नाही. शेवटी त्या हात जोडून टेम्पोत येऊन बसल्या. त्यांच्या मुक्कामाच्या हॉटेलपर्यंत त्या डोळे पुसत होत्या.

पुढचा भाग तळेगावच्या दुकानातला. भाऊ दुपारभर बांधावर चकरा मारून पाय फुगवून आले होते. दुकानात काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर दिवे लावून एकेक बूट देवासारखा बसवलेला. गळ्यात टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि भाऊंचं धोतर बघून म्हणाला, "काका, वॉकिंगसाठी दाखवू ना?"

"पळायला."

त्याची नजर खाली सरकली. "काका, आधी वॉकिंगपासून केलं तर..."

"तुमी पोट बगू नका," भाऊ म्हणाले. "पोट काय बुटात घालायचं न्हाई."

मग सुरू झालं. प्रत्येक बूट भाऊंनी हातात घेतला, तोंड उघडून आत बघितलं, पिळला, टाच दाबली, वास घेतला. विक्रेता म्हणाला, हा सगळ्यात जास्त खपतो. भाऊ म्हणाले, "खपतो किती ते ऱ्हाऊ द्या, वागतो कसा ते सांगा." पांढऱ्यात भाऊंच्या पावलाला एकही शिरेना. काळ्यात शिरे, पण करंगळी बाहेरच्या बाजूला फुगून दिसे. शेवटी आतल्या खोलीतून दोन जोड आले. एक राखाडी. दुसरा पोपटी, आणि तो साधा पोपटी नव्हता. त्याच्या बाजूला केशरी पट्टे होते आणि तळवा अंधारात चमकेल असा होता. दोन्ही बसले.

राखाडी घ्यायचा असं मी मनात धरलं होतं. भाऊंनी डाव्या पायात पोपटी घातला, उजव्यात राखाडी. आरशापुढे उभे राहिले. दोन पावलं टाकली. "कळत न्हाई," ते म्हणाले. "घाटात पळवल्याबिगर कळायचं न्हाई."

आणि ते पळाले. आधी मोज्यांच्या फडताळापर्यंत, मग वळून गल्ल्यापर्यंत, आणि विक्रेता "काका, काका" म्हणेपर्यंत काचेचं दार ढकलून बाहेर. दारावरची घंटा कर्कश वाजायला लागली. विक्रेता मागे, त्याच्या मागे मॅनेजर, मॅनेजरच्या मागे पहारेकरी. मी एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असा आत बसून राहिलो. गल्ल्यावरच्या मुलीने माझी जुनी पादत्राणं उचलून काउंटरमागे ठेवली. मी ओलीस होतो.

काचेतून मला रस्ता दिसत होता. संध्याकाळची गर्दी, भाजीच्या गाड्या, आणि त्यांच्यामधून धोतराचा सोगा हातात धरलेले भाऊ. आवाज आतपर्यंत येत होता. "राखाडी जरा आत कलतोय... पोपटी सरळ हाय, सरळ हाय... मागनं तीन माणसं, टायवाला फुडं... कोथिंबीर वाचली... राखाडी मागं पडला, पोपटी एकलाच वर चाललाय..."

इमारतीला वळसा घालून ते परत दारात आले तेव्हा पहारेकरी त्यांच्या बाजूने पळत होता आणि रागावलेला दिसत नव्हता. तो जवळच्या आंबी गावचा निघाला. आवाजावरून त्याने ओळखलं होतं. "भाऊ, परत कवा घाटात?" तो विचारत होता. मॅनेजर मात्र लाल झाला होता. "साहेब, हे असं नाही चालत," तो म्हणाला.

"चालत न्हाई, म्हणूनच पळून बगितलं," भाऊ म्हणाले, आणि धाप ओसरेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मग डावा पाय उचलून दाखवला. "ह्यो द्या. ह्याचा जोडीदार कुटंय?"

"भाऊ, रंग," मी म्हणालो.

"ताईंनी काय सांगितलं? रंग घरी ठेवून आलोय."

मी मात्र रंग बरोबर घेऊन गेलो होतो. माझ्या मोबाइलमधला सगळ्यात जास्त तारेवाला, काळा, लाल रेघेचा, निमुळता बूट तिथे होता, आणि तो मला अगदी घट्ट बसला. घट्ट बसतो म्हणजेच चांगला बसतो, असं मी माझं ठरवलं. आठवडाभरात माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली. भाऊ रोज पहाटे चिंचेखाली मला बघून म्हणायचे, "सायबांचा बूट देखणा हाय. सायेब लंगडं हाय." नखं गेली तेव्हा मी पुन्हा दुकानात गेलो, संध्याकाळी, आणि रुंद जोड घेऊन आलो. तो जांभळा होता.

आता खरी गंमत सुरू झाली. पळताना बोलायचं हा नियम भाऊंनी शब्दशः पाळला. पहाटे पोपटी बूट आणि जांभळे बूट गावातून निघायचे, हळू, फार हळू, आणि भाऊ जे दिसेल ते बोलायचे. कर्ण्याची गरजच नव्हती. "पाटलांचा दिवा अजून बंद... शेजारचा नळ चालू ठेवून गेलंय कोण तरी... ह्या दारात काल नव्हती ती मोटारसायकल हाय... पावणं न सांगता आलं वाटतं... आबा ओट्यावर बिडी वढत्यात, डॉक्टरनी बंद केलीया, आबांनी लपवली, मागं लपवली..."

पंधरवड्यात गावाची सकाळ बदलली. आपलं नाव बारीत येऊ नये म्हणून लोक लवकर उठायला लागले. नळ बंद व्हायला लागले. बिडीवाले आबा गोठ्यात जाऊन बिडी ओढायला लागले. एक दिवस चारपाच जण चिंचेखाली आले. त्यातला मोठा म्हणाला, "भाऊ, पळा की. पळायला कोण नको म्हणतंय? पण गुमान पळा."

"कसं पळू?" भाऊ म्हणाले. "बोलणं थांबलं तर कसं कळायचं, दम पुरतोय का न्हाई ते? तुमाला मी मरायला पायजे का?"

थोडी खळखळ झाली, मग तडजोड निघाली. गावातून जाताना भाऊंनी फक्त झाडं, कुत्री आणि आभाळ यांच्यावर बोलायचं, वेशीबाहेर गेलं की माणसांवर. भाऊंनी ती पाळली. पण कुत्र्यांची नावं ते अशी ठेवायचे की गावात कुणालाही कळायचं.

मला त्या दिवसांत एक गोष्ट दिसत होती आणि भाऊंना ती दिसते की नाही, कळत नव्हतं. पळताना ते मध्ये श्वास घ्यायचे. घ्यावाच लागायचा. वाक्याच्या मध्येच भुकेल्यासारखा हवेचा मोठा घोट, आणि पुन्हा पुढे. सुरुवातीला त्या घोटाला ते चिडायचे. "तुटलं," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून बारी धरायचे. मग हळूहळू पहिल्यापासून धरणं थांबलं. नदीचा पूल आला की तिथे एक घोट, वडापाशी एक घोट. घोट घेऊन बोलणं पुढे जायचं आणि पायही पुढे जायचे.

पुढच्या वर्षीच्या यात्रेच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा काट्यावर उभं केलं. थोडं उतरलं होतं, पण डॉक्टरांना हवं होतं तेवढं नाही. ते जरा नाराज दिसले. भाऊ काट्यावर उभे राहूनच म्हणाले, "वजन हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. आधी ते माझ्यावर बसलं होतं. आता माझ्यासंगं पळतंय."

यात्रेला पुन्हा तोच माळ, तोच मंच. आयोजकांनी खेडच्या त्या तरुण निवेदकाला मंचावर बाजूलाच खुर्ची दिली होती आणि त्याच्या हातात दुसरा माइक होता. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. भाऊ शिडी चढले, पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि धोतराखाली ते पोपटी बूट. घाटात हशा उसळला. एकाने विचारलं, "भाऊ, हे काय घातलंय?" भाऊंनी माइकवरून उत्तर दिलं, "पाय." दुसऱ्यांदा हसले ते लोक भाऊंच्या बाजूने हसले.

वहिनी त्या वर्षी पहिल्यांदा आल्या होत्या. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या, पदर दातांत धरून.

झेंडा पडला. भाऊंनी बारी उचलली, पहिल्यासारखीच, एकाला एक लागून येणारे शब्द. गाडा धुळीत शिरला. अर्ध्यावर आला. मागच्या वर्षी आवाज तुटला ती जागा आली, आणि सगळ्यांनी तेच केलं, गाड्यावरची नजर काढून मंचाकडे बघितलं. तरुण निवेदक खुर्चीतून अर्धवट उठला.

भाऊ थांबले. तोंडाजवळचा माइक तिथेच ठेवून त्यांनी श्वास घेतला. तो श्वास कर्ण्यांतून सगळ्या माळावर गेला, खोल, लांब, सावकाश. बैलांच्या खुरांच्या आवाजाखेरीज तेवढ्यात काहीच ऐकू येत नव्हतं. लोकांच्या अंगावर काटा आला, मी बघितलाय. आणि मग "पर बैल थांबलं न्हाईत" असं म्हणत भाऊंनी बारी पुढे उचलली ती अशी, की गाडा निशाणाला लागला तेव्हा वरच्या टोकाला उभे असलेले लोक ओरडत होते आणि खालच्या टोकाचेही.

तरुण निवेदक पुन्हा खुर्चीत बसला. माझ्या शेजारी वहिनींनी पदर तोंडातून सोडला आणि म्हणाल्या, "झालं यांचं. आता घरी पुन्हा ऐकायचं."

दिवसभर भाऊंनी प्रत्येक बारीत तो श्वास घेतला, आणि प्रत्येक वेळी घाट गप्प झाला. संध्याकाळी हार घालताना आयोजकांपैकी एक म्हणाला, ही नवी रीत भारी काढलीत, भाऊ. मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "लय दिवस इचार चाललावता," ते म्हणाले.

पुढे माझी बदली झाली आणि सुदुंबरं सुटलं. पण शर्यतींचे व्हिडिओ मोबाइलवर येत राहतात. आताचे सगळे निवेदक गाडा अर्ध्यावर आला की थांबतात आणि माइकमध्ये श्वास घेतात. खेडचा तो तरुण तर डोळे मिटून घेतो. वाऱ्यावर उडेल इतका सडपातळ आहे तो, दम त्याला कधी कमी पडलेला नाही, आणि तरीही छाती भरून असा काही घोट घेतो, जणू त्याच्या अंगावर भाऊंएवढं ओझं आहे. परवा पाहिलेल्या व्हिडिओत त्याच्यानंतर माइक धरणारा त्याच्या कानाशी लागून विचारत होता, हा श्वास नेमका कुठून घ्यायचा. आणि तो पोटावर हात ठेवून, अगदी गंभीरपणे, त्याला दाखवत होता.